घेण्यास नकार

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

सकाळी सव्वादहाला फोन आला. नंबर अनोळखी, म्हणून उचलणार नव्हतो. पलीकडून खोल, जरा कापरा आवाज. "अनिलराव, मी मेहर बोलते, मुंबईहून. कमळाचा नवरा. शनिवारी तुमच्याकडे येते, चार दिवस. चालेल?"

मी 'चालेल' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? 

कमळाताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. १९६५ साली टेलिफोन खात्यात नोकरीला म्हणून मुंबईला गेली आणि १९६८ साली तिने एका पंजाबी माणसाशी रजिस्टर लग्न केलं. तो सिनेमाची गाणी लिहितो, उर्दूत आणि पंजाबीत, एवढंच आम्हाला कळलं. खरं नाव कुंदनलाल, गाण्यांवर नाव 'मेहर चिन्योटी'. अण्णांनी त्या दिवसापासून घरात ताईचं नाव घेणं बंद केलं. अण्णा १९८४ साली गेले, आई १९९१ साली, आणि ताई २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनात. या माणसाला मी छप्पन्न वर्षांत एकदाही भेटलेलो नाही.

कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, भावोजी येतायत तर मागच्या खोलीतली खोकी हलवा. का येतायत, हे तिने विचारलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात मात्र दिवसभर तेच. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस उगाच प्रवास करत नाही. भूमी अभिलेखमध्ये एकोणचाळीस वर्षं मी जमिनी मोजल्या. जुने नातेवाईक अचानक दारात उभे राहतात ते बहुतेक वेळा सातबाऱ्यासाठी. कोतवड्याच्या आंब्याच्या बागेला अण्णांच्या मागे ताईचं आणि माझं, दोघांचं नाव लागलेलं आहे. आता तिच्या जागी नवरा आणि मुलगी येतात. हक्कसोडपत्राचा एक मसुदा करून टेबलाच्या खणात ठेवला. असलेला बरा.

शनिवार, १६ नोव्हेंबर

गाडीने स्टेशनवर येतील अशी कल्पना होती. सकाळी सातला फोन, हातखंबा तिठ्यावर उतरलोय म्हणून. गोव्याकडे जाणाऱ्या खासगी बसने आले! मी कार काढून गेलो. चहाच्या टपरीसमोर बाकड्यावर बसलेले, पायाशी एकच बॅग. उंच, अगदी वाळलेले, पांढरा कुर्ता, वर जाकीट. हात मात्र शरीराला न शोभणारे, रुंद, सुताराचे असावेत तसे. मला बघून उठले आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाक कमळाचं आहे," म्हणाले. मग, "मी आले."

वाटेत विचारलं, मुलीने बसवून दिलं का. ऋजुता, त्यांची एकुलती एक, दिल्लीला असते. तर म्हणाले, ऋजुताला माहीत नाही. हवामान सांगावं तसं.

रविवार, १७ नोव्हेंबर

ते मराठी बोलतात ते बायकांसारखं. मी आले, मी दमले, मी उद्या जाते. काल मला वाटलं चुकून होतंय. आज कळलं की त्यांना येतंच तेवढं. सोनूबाई, आमच्याकडे भांडीधुणी करते ती, तोंडाला पदर लावून मागच्या पडवीत पळाली. कुसुमने मला खुणेने गप्प केलं.

दुपारी मी बाहेर पेपर वाचत होतो. आतून आवाज आला, "कुसुम, मी जेवले हो." पेपर माझ्या हातातून खाली आला. ताई असंच म्हणायची, शेवटी 'हो' लावून. मराठी ते एकाच माणसाकडून शिकले आणि ती बोलेल तसं उचललं. दुसरं मराठी त्यांच्या कानावर बहुधा फारसं पडलंच नाही.

जेवण मात्र नावाला. दोन घास भात आणि ताक. पंजाबी माणसाला आमचं मिळमिळीत लागत असणार. कुसुमने पनीर आणायला सांगितलंय.

ताईला मी मोठेपणी एकदाच भेटलो. आई गेली तेव्हा. मीच कार्ड टाकलं होतं. ती एकटी आली, दोन तास बसली आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेली. मी तेव्हा मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरत होतो. ताई समोर बसून सारखी माझ्या हाताकडे बघत होती. मला राग आला होता. वाटलं, फॉर्ममधल्या चुका शोधतेय.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज मेहरसाहेब मोकळेपणाने बोलले. सकाळी दहा ते बारा, अंगणात, उन्हात खुर्ची टाकून. मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण असं आयुष्य मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.

जन्म चिन्योटचा, आता पाकिस्तानात. चिनाबच्या काठावरचं गाव, तिथलं लाकडावरचं कोरीवकाम नावाजलेलं. वडील कोरीवकाम करत. शाळा उर्दू; हिंदू, मुसलमान, सगळी मुलं त्याच शाळेत. फाळणीत अकरा वर्षांचे होते. वडिलांबरोबर चालत निघाले. आई वाटेत गेली. कुठे ते सांगता येत नाही म्हणाले, त्या जागेला नाव नव्हतं. पुढे कुरुक्षेत्राची छावणी, मग पानिपत. वडिलांनी तिथे शाळांची बाकं केली. ज्या हातांनी मशिदीचे आणि हवेल्यांचे दरवाजे कोरले त्या हातांनी बाकं. त्यावर ते काही बोलत नसत. फक्त प्रत्येक बाकाच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशी, एक वेल कोरायचे.

हे १९५७ साली पटाशी घेऊन मुंबईला आले. एका स्टुडिओत सेटवर सुतार म्हणून लागले. प्लायवूडचे राजवाडे करायचे आणि महिन्याने मोडायचे. जाळ्या, कमानी, झरोके. शायरी मनात चालू असे, कागदावर नाही. १९६२ च्या सुमारास एकदा सेटवर गाण्याचं चित्रीकरण अडलं. ओळ चालीत एका अक्षराने कमी पडत होती आणि लिहिणारा गावाला गेलेला. हे शिडीवर बसून खिळे ठोकत होते. वरूनच एक शब्द बोलले. संगीतकाराने वर बघितलं आणि खाली उतर म्हणाला. "मग मी उतरले ते परत चढले नाही," असं म्हणून हसले.

कोणता शब्द, मी विचारलं. आठवत नाही म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही.

आणि ताईची भेट! मला वाटत होतं, सिनेमात कुठेतरी. तर नाही. ते दर रविवारी पानिपतला वडिलांशी बोलायला ट्रंक कॉल लावत, तिथल्या लाकडाच्या वखारीतल्या फोनवर. वडिलांना ऐकू कमी येई. लाइनही खराब. मध्ये बसलेल्या ऑपरेटरचा आवाज तेवढा दोन्हीकडे पोहोचे. म्हणून तीच ह्यांचं वडिलांना सांगायची आणि वडिलांचं ह्यांना. मोडक्या हिंदीत. खाना खा लिया बोलते है. सर्दी है क्या पूछते है. ती ऑपरेटर म्हणजे ताई. आठ महिने असं चाललं. एका रविवारी वडील फोनवर आलेच नाहीत, वखारवाल्याने ते गेल्याचं सांगितलं, आणि ते ह्यांना सांगायची वेळ तिच्यावर आली.

"ती किती वेळ काही बोललीच नाही," ते म्हणाले. "मग रडली. मला रडण्यावरून कळलं."

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. रांगेत पाऊण तास. परत आलो तर मेहरसाहेब झोपलेले. दिवसा फार झोपतात.

सोनूबाई जाताना म्हणाली, "पावनं जेवत नायत, काका. आंग बगा कसं उतारलंय. पोटात काय तरी हाय त्यांच्या." मी म्हटलं, वय झालं. पनीरही तसंच राहिलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

चार दिवस उलटून गेले, जायचा विषय नाही; आज त्यांना मांडवीला जायचं होतं. आमचं जुनं घर तिथेच, रस्त्यापासून आत. ते विकून वीस वर्षं झाली; आता चार मजली इमारत आहे. मी आधीच सांगितलं होतं, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी गेलो. फाटकाशी उभे राहून त्यांनी विचारलं, विहीर कुठे होती. मी म्हटलं, पार्किंगच्या खाली. पुढे विचारलं, रायआवळ्याचं झाड डाव्या हाताला का. मला सांगता येईना. रायआवळा होता हेच मी विसरलो होतो.

मग जेटीपर्यंत चालत जायचं म्हणाले. रिक्षा नको. तीनदा थांबले, पण गेले. लहानपणी मुंबईची बोट लागायची तेव्हा भोंगा ऐकून सगळी मुलं इथे धावत यायची, हेही त्यांना ठाऊक. ताई अनवाणी धावायची आणि येताना पाय लाल करून यायची म्हणून आईच्या हातचा मार खायची, हेही.

बंदरावर भेळेच्या गाडीवर स्पीकर लावलेला. त्यावर ह्यांचंच गाणं लागलं. मला पहिल्या सुरालाच कळलं. त्या सिनेमातली नायिका लग्न होऊन दूर गेलेली असते.

लाल मिट्टी पाँव से छूटी नहीं
धो चुकी हूँ सात दरिया पार तक

भेळवाला स्वतःशी गुणगुणत होता. दोन कॉलेजच्या मुली पण. मी त्याला सांगणार होतो, हे बघ, लिहिणारा तुझ्यासमोर उभा आहे. मेहरसाहेबांनी माझ्या दंडाला हात लावला आणि मान हलवली. भेळ घेतली, खाल्ली नाही.

एक शंका मला तरुणपणापासून होती ती मी आज विचारली. सिनेमातली मुलगी पंजाबची. पंजाबात लाल माती कुठून आली? तिकडची जमीन गाळाची, मातकट. मोजणीतल्या माणसाच्या डोळ्याला ही चूक खटकते. ते हसले. म्हणाले, डायरेक्टर पण तेच म्हणाला होता. तरी बदललं नाही. कवींना भूगोलाचं काही नसतं, हेच खरं.

रविवार, २४ नोव्हेंबर

रेडिओचं आठवलं म्हणून लिहितो. अण्णा हायस्कुलात संस्कृत शिकवत. रेडिओ बातम्यांपुरता आणि नाट्यसंगीतापुरता. पण रविवारी सकाळी हिंदी गाणी लागत. निवेदक गीतकाराचं नाव सांगे. 'मेहर चिन्योटी' ऐकू आलं की अण्णा उठून रेडिओ बंद करत, खटका जोरात न वाजवता, शांतपणे. मग त्या वेळी रेडिओ लागेनासाच झाला. आई त्या सुमारास नेमकी शेजारी यमुनाबाईंकडे विरजण आणायला जाई आणि अर्ध्या तासाने येई. आमच्याकडे विरजण का टिकत नसे कोण जाणे. गाई घरच्या होत्या.

हे मी मेहरसाहेबांना गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग विचारलं, यमुनाबाईंकडे रेडिओ होता का. होता, मी म्हटलं, मोठा, मर्फीचा. कुसुम भाजी निवडत होती. ती उठून आत गेली.

दुपारी मी हिय्या केला आणि बागेचा विषय काढला. आता तुमचं आणि ऋजुताचं नाव लागेल, तेव्हा काय करायचं ते बोलून घेऊ, असं म्हटलं. ते आधी समजलेच नाहीत. कुठली बाग म्हणाले. मग समजल्यावर हसायला लागले आणि हसता हसता खोकले.

"अनिलराव, माझी जमीन चिन्योटला आहे. चिनाबच्या काठी. ती मोजून द्याल?"

मग डोळे पुसून म्हणाले, कागद असेल तर आणा, सही करते, ऋजुताची पण घेऊ. मी म्हटलं, कागद वगैरे काही नाही, सहज बोललो. मसुदा खणात होता. खोटं का बोललो ते मला नीट सांगता येणार नाही. मग ते आले तरी कशाला?

मंगळवार, २६ नोव्हेंबर

कशाला आले ते आज कळलं.

सकाळी चहानंतर त्यांनी बॅगेतून एक रुमालात बांधलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. निळी अंतर्देशीय पत्रं. सतरा. सगळी बंद. पत्ता आईच्या नावाने, ताईच्या हातचा. आणि प्रत्येकावर आडवं लिहिलेलं, 'घेण्यास नकार. पाठवणारास परत.'

ते म्हणाले, लग्नानंतर पाच वर्षं कमळा पत्रं टाकत होती. परत आली की न उघडता डब्यात ठेवायची. माझी नव्हेत, त्यांची आहेत, म्हणायची. ती गेल्यावर डबा यांच्याकडे आला. मुलगी म्हणाली, मी वाचून दाखवते. यांनी नको म्हटलं. ज्यांच्या घरची आहेत तिथे न्यायची. यांना मराठी वाचता येत नाही; शिवाय डोळे आता कामातून गेलेत.

"तुम्ही वाचा. मी ऐकते. एवढंच काम आहे."

मग एका पत्रावरच्या 'घेण्यास नकार'वरून बोट फिरवत म्हणाले, "अक्षर बघा किती सुंदर आहे." मी चहाचे कप उचलले. अण्णांचं समजले असावेत.

ते अक्षर माझं आहे.

पोस्टमन पत्र घेऊन आला की अण्णा मला हाक मारत. ते स्वतः त्या पत्राला हात लावत नसत. मी चौदा वर्षांचा होतो पहिल्या वेळी. दौत, टाक, आणि मी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. लिहून झालं की अण्णा म्हणत, अक्षर नीट काढ, सरकारी कामाला जातंय.

मी मेहरसाहेबांना म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय, नवीन आला की वाचू.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

चष्मा नाकावर आहे आणि नवा सांगितलेलाच नाही. ते काही विचारत नाहीत. हे जास्त वाईट.

ऋजुताचा रोज फोन येतो. वडील कुठे आहेत ते तिला कळलंय. आज माझ्याशी बोलली. मामा म्हणाली. पहिल्यांदा कुणी मला मामा म्हटलं. तिने विचारलं, बाबांनी तुम्हाला सांगितलं का? मला वाटलं पत्रांचं. हो म्हटलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, मग तुम्ही सांभाळताय ते बरंय, आमचं ऐकत नाहीत. जुन्या पत्रांचा एवढा बाऊ कशाला करते कळेना.

शनिवार, ३० नोव्हेंबर

कुसुमला सांगून टाकलं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण हे कधी सांगितलं नव्हतं. वाटलं होतं म्हणेल, तुम्ही लहान होतात. ती तसं म्हणाली नाही. "वाचायला बसा," एवढंच म्हणाली.

दहा वाजता बसलो. पत्र उघडण्याआधी मी त्यांना सांगितलं, हे अक्षर माझं आहे. सगळ्या पत्रांवरचं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "कमळाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाचा."

सोमवार, २ डिसेंबर

रोज तीन किंवा चार. त्याहून जास्त मला जमत नाही आणि त्यांनाही. ते डोळे मिटून ऐकतात. मध्येच एखाद्या वाक्याला, ताई जिथे थांबली असेल तिथे, मान हलवतात.

पत्रांत विशेष काही नाही. माझी भीती होती की दोष दिलेला असेल. तसं एक अक्षर नाही. स्टोव्ह नीट पेटत नाही. हे आता भात खातात पण त्यावर साखर घालतात. सांदणाला रवा किती आणि फणसाचा रस किती ते लिही. अनूला, म्हणजे मला, गणितात किती पडले. एका पत्रात आठ ओळी नुसत्या बाजारातल्या माशांच्या. ह्यांची गाणी तीच देवनागरीत उतरवून द्यायची, कारण हे उर्दूत लिहीत आणि गाणाऱ्यांना उर्दू येत नसे. 'आई, एवढे मोठमोठे लोक माझं अक्षर हातात धरून गातात, अण्णांना सांगू नको.'

आजच्या तिसऱ्या पत्रात हे होतं. 'काल ह्यांना सांगत होते की आपल्याकडची माती एकदा तळव्याला लागली की घासून जात नाही, तू वीट घेऊन घासायचीस. हे एकदम उठून लिहायला बसले. जेवण निवलं.' तारीख १९७० ची. ते गाणं ७१ चं.

भूगोलाची चूक नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढचं पत्र घेतलं.

बुधवार, ४ डिसेंबर

आज वाचन नाही. त्यांना बरं नाही, पोट दुखतंय. डॉक्टर बोलावू म्हटलं तर नको, गोळ्या आहेत. गोळ्या बऱ्याच आहेत, चार प्रकारच्या.

पडल्या पडल्या बोलत होते. १९८० नंतर पंजाबी सिनेमे कमी झाले, नंतर तिकडच्या गोळीबाराच्या दिवसांत थांबल्यासारखेच. हिंदीत चाल आधी आणि शब्द नंतर असं आलं. त्यांना ते जमलं, पण रुचलं नाही. मग मालिकांची शीर्षकगीतं. शेवटचं गाणं २००३ साली, ते सिनेमातून कापलं गेलं. नव्वद हिंदी, तीसेक पंजाबी सिनेमे. मी म्हटलं, वाईट वाटलं असेल. म्हणाले, नाही, राजवाडे मोडायची सवय होती.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सोळावं पत्र आईला नव्हतं. वर आईचं नाव, आत 'चि. अनू'. मी थांबलो. ते म्हणाले, मोठ्याने वाचा. मी वाचलं. तसंच्या तसं उतरवून ठेवतो.

'चि. अनू, हे पत्र पण परत येईल आणि तू वाचणार नाहीस, म्हणूनच लिहिते. पहिल्या पत्रावरचं अक्षर बघितलं तेव्हाच तुझं ओळखलं. 'घ' तू लहानपणापासून उलटा वळवायचास, तसाच होता. चौथ्या पत्रापासून नीट काढायला लागलास. आता 'नकार'चा 'न' अगदी अण्णांसारखा येतो, म्हणजे मोठा झालास. मला इथे घरचं काही कळत नाही. पण पत्र परत आलं की एवढं कळतं, अनू घरी आहे, बरा आहे, त्याचा हात चालतोय. हे म्हणतात, कशाला पाठवतेस, परतच येतात. मी म्हणते, परत यावीत म्हणूनच पाठवते. तुला अण्णा सांगतात म्हणून तू लिहितोस हे मला माहीत आहे. त्याचं मनाला लावून घेऊ नको. जेवण नीट करत जा. तुझी ताई.'

वाचून झाल्यावर मला चष्मा काढावा लागला. कुसुम दाराशी होती. भावोजींनी त्यांचा तो रुंद हात माझ्या डोक्यावर ठेवला. सत्तर वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर.

सतरावं जुलै १९७३ चं. त्यावर अक्षर अण्णांचं होतं. जूनमध्ये मला नोकरी लागून मी संगमेश्वरला गेलो होतो. आत पावसाचं आणि छत्रीचं काहीतरी. अठरावं नाही.

रविवार, ८ डिसेंबर

ऋजुता आली. स्टेशनवर तिला बघितलं. चाल ताईची. घरी येऊन तिने मला बाजूला घेतलं आणि मग उलगडा झाला. भावोजींना पोटाचा कॅन्सर आहे. सप्टेंबरात कळलं. ऑपरेशन, औषधं, सगळ्याला नाही म्हणाले. रत्नागिरीचं एक काम आहे, ते झालं की तू म्हणशील तिथे राहते, असं तिला सांगून ठेवलं होतं आणि एक दिवस न सांगता निघाले.

मी तिला म्हटलं, मला वाटलं आमचं जेवण आवडत नाही. बोलून झाल्यावर मलाच ऐकवेना. सोनूबाईला चार दिवसांत कळलं होतं.

आता मात्र त्यांना दिल्लीला जायचं नाही. मुलुंडच्या घरी, जिथे कमळा राहिली तिथे. ऋजुताची नोकरी, तिला पंधरा दिवसांहून जास्त सुट्टी नाही. ती नर्स ठेवू म्हणत होती. मी म्हटलं, मी येतो. विचार न करताच बोललो. कुसुमकडे बघितलं तर ती माझे कपडे काढायला आत गेलेली. बाग आमचा गडी सखाराम बघेल. मोहोर येण्याआधीची फवारणी त्याला ठाऊक आहे. खणातला मसुदा फाडून टाकला.

बुधवार, ११ डिसेंबर, मुलुंड

दुपारी पोहोचलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भावोजींना खुर्चीत बसवून दोन हमालांनी वर नेलं. मी मागून बॅगा घेऊन. दारावर अजून दोन नावं आहेत, एक उर्दूत आणि एक मराठीत. मराठीतलं ताईच्या हातचं, रंगाने लिहिलेलं.

किल्ली शेजारच्या बाईंकडे होती. मराठी, साठीच्या, इथे तीस वर्षं राहतायत म्हणाल्या. त्यांनी दार उघडलं, भावोजींना पाणी दिलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, आपण कोण?

मी म्हटलं, मी कमळाताईचा धाकटा भाऊ. रत्नागिरीहून.

त्या गोंधळल्या. इतक्या वर्षांत ताई कधी बोलल्या नाहीत म्हणाल्या. "कमळाताईंना भाऊ होता?"

"आहे," भावोजी खुर्चीतून म्हणाले.

मी चपला काढल्या आणि आत गेलो.